जवारी लागते पण टिकत नाही: घरी बनवलेल्या तंबोऱ्याची तपासणी

तक्रार साधारण अशी असते. तंबोरा घरीच बनवला. भोपळा चांगला मिळाला, दांडी सरळ आली, तबली (भोपळ्यावरचं पातळ लाकडी झाकण) बसली, पॉलिशही झालं. तारा चढवून जवारी, म्हणजे तारेचा तो भरघोस गुंजणारा आवाज, लावली तेव्हा खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून, आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार स्वच्छ ऐकू आला. आठवड्याने गवसणी काढली तर आवाज बसलेला. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या बैठकीवर, तारेखाली ठेवलेला दोरा जरासा सरकवला, पुन्हा खुलला. पुढच्या आठवड्यात परत तेच. असं होत होत एके दिवशी दोरा सरकवायला जागाच उरत नाही आणि हात कानशीकडे जातो.

तो हात अडवण्यासाठी हा सगळा प्रपंच. घोडीवरून कानस फिरवली की जवारी लागते, यात खोटं काही नाही. म्हणूनच फसायला होतं. घोडी त्या दिवशी जितकी कललेली असते तितक्या कलाला जुळणारा पृष्ठभाग तुम्ही घासून काढता. कल वाढणं मात्र थांबलेलं नसतं. महिन्याभरात घासलेली जागाही चुकीची ठरते, पुन्हा कानस, आणि घोडी दर वेळी थोडी बुटकी. घासलेलं हाड परत चिकटवता येत नाही.

माझं मत सरळ आहे: टिकत नसलेल्या जवारीचं कारण घोडीच्या वर क्वचित असतं, बहुतेक वेळा ते घोडीच्या खाली असतं. आधी काय हलतंय ते शोधा. कानस सगळ्यात शेवटी.

किती फरकाने जवारी बसते

तंबोऱ्याची घोडी गिटार-व्हायोलिनसारखी धारेची नसते. वर जवळपास सपाट, अगदी हलका फुगवटा असलेला, दोनतीन सेंटिमीटर रुंदीचा पृष्ठभाग असतो आणि तार त्यावरून अलगद सुटते. तार कंप पावते तेव्हा ती त्या फुगवट्याला टेकत-सुटत राहते, म्हणजे तिचं टेकण्याचं ठिकाण पुढे-मागे होत राहतं. त्या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) सतत पोसले जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्यावर लिहिताना नेमकं हेच दाखवलं होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू, म्हणजे तारेवरचा न हलणारा बिंदू, येतो तो स्वरांश नेहमीच्या नियमाने ऐकू यायला नको, पण या वाद्यांत तो येतो आणि त्याला कारण घोडी.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तारेची वाजती लांबी ९५ सेंटिमीटर धरा. घोडी आहे तशी सरळ, अजिबात न कलता, १ मिलिमीटर खाली गेली तर तारेचा कोन फक्त ०.०६ अंशाने बदलतो. ३ सेंटिमीटरच्या पृष्ठभागावर त्याने पडणारा फरक साधारण ०.०३ मिलिमीटर. जवारीसाठी हाही कमी नाही, पण दोऱ्याच्या सरकण्यात तो सांभाळून घेता येतो.

पण घोडी खाली न जाता नुसती कलली तर? घोडीचा पाया आणि वरचा पृष्ठभाग साधारण सारख्या रुंदीचे असतात. पायाच्या पुढच्या कडेखाली फक्त ०.१ मिलिमीटर दबलं की वरच्या पृष्ठभागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तितकाच, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो. पूर्ण घोडी १ मिलिमीटर खचण्याच्या तिप्पट परिणाम! घरी बनवणारे तबली खाली गेली का हे डोळ्यांनी बघतात, सरळ दिसली की निश्चिंत होतात. ०.१ मिलिमीटरचा कल डोळ्यांना दिसत नाही.

आणि त्या बिचाऱ्या घोडीवर भार किती असतो तेही बघा. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) पुरुषी तंबोरा, जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारा पोलादी ०.३० मिलिमीटरच्या, पंचम ०.३५ची, खर्ज पितळी ०.५५ची. वाजती लांबी तीच, ९५ सेंटिमीटर. चारही तारांचा मिळून ताण चौदा किलोच्या आसपास येतो. घोडीच्या मागे तारा १५ अंशांनी खाली उतरत असतील तर त्यातले साडेतीन किलो घोडी सरळ खाली दाबतात, रात्रंदिवस, बाराही महिने.

आधी दोन प्रश्न

किती तारा बसल्या, म्हणजे किती तारांचा आवाज मेला? एकच बसली असेल तर दोष त्या तारेचा, तिच्या दोऱ्याचा किंवा घोडीवरच्या तिच्या चरीचा. चारही बसल्या असतील तर सांगाड्यात काहीतरी हललंय. एका बाजूने क्रमाने बिघडत गेलं असेल, म्हणजे खर्ज पार मेलेला, जोड अर्धवट आणि पंचम ठीक, तर घोडीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दबलाय.

दुसरा प्रश्न: बसायला किती वेळ लागतो? अर्ध्या तासात बसत असेल तर तार किंवा खुंटी. सकाळी खुली आणि दुपारी बंद, असं रोज होत असेल तर हवा. हळूहळू काही आठवड्यांत, आणि दोरा दर वेळी एकाच दिशेला सरकवावा लागत असेल, तर लाकूड किंवा सांधा भाराखाली सरकतोय. दोरा कधी पुढे कधी मागे न्यावा लागत असेल तर सांगाड्याला दोष देऊ नका, दोरा बदला. यासाठी दोऱ्याची जागा घोडीच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक खुणेने नोंदवत चला, तारखेसकट. ही नोंद नसेल तर पुढची सगळी तपासणी अंधारात होते.

एकच तार बसते

हे सोपं आहे, भराभर सांगतो.

नवी तार पहिले काही दिवस ताणत राहते, तेवढं सोडून द्या. खुंटीवर तार तीनचार घट्ट वेढ्यांनी बसलेली हवी. वेढे एकमेकांवर चढले असतील तर ते हळूहळू दबतात आणि स्वर उतरतो. स्वर किंचित उतरला तरी जवारीचा पोत बदलतो आणि आपण घोडीला बोल लावतो. खुंटी घसरत असेल तर खडू लावा. सूर बारीक मिळवण्यासाठी तारेत ओवलेला मणी घसरत असेल तर त्याखालची तार पुसा, तिथे हाताचं तेल बसलेलं असतं.

तार चढवताना तिला पीळ पडला असेल, किंवा घोडीच्या मागच्या कडेवर ती एकदा मोडून परत सरळ केली असेल, तर ती कधीच नीट बोलणार नाही. फेकून द्या. कोकणात आणि मुंबईत खर्जाची पितळी तार काळी-हिरवी पडते, जोडाच्या तारांवर बारीक गंजाचे ठिपके येतात. ठिपका दोऱ्यावर आला की जवारी खरखरते. लोक याला ‘जवारी बिघडली’ म्हणतात. ती तार बिघडलेली असते.

दोरा सुती असेल तर पोलादी तार त्याला दाबून चपटा करते, कधी अर्धा कापते. नवा दोरा घालून जवारी त्याच जुन्या खुणेवर लागली, तर प्रश्न तिथेच संपला. सुती दोरा पावसाळ्यात ओल धरून फुगतो, रेशमी कमी फुगतो. नायलॉनचा दोरा मला पटत नाही, तो तारेखालून निसटतो. खर्जाला जोडापेक्षा जरा जाड दोरा लागतो, चारही तारांना एकाच रिळातला घालण्याचा हट्ट नको.

आणखी एक खातरजमा: ऐकू येतंय ते जवारीचंच आहे ना? सेल्युलॉइडची सुटलेली पट्टी, गुलूवरचं (दांडी-भोपळ्याच्या जोडावरचं) कोरलेलं पान, सैल मणी, यातलं काहीही झर्रर्र करतं. वाजवताना एकेक जागा बोटाने दाबत जा. बोट ठेवल्यावर थांबलं की सापडलं.

चारही तारा बसतात: पायापासून सुरुवात

घोडी अनेकदा तबलीवर चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर राहते. म्हणून चारही तारा एकदम सोडू नका. एकेक करा, आणि त्याआधी पायांभोवती मऊ पेन्सिलीने जागा आखून ठेवा.

पहिला संशयित पॉलिश. घरी काम करताना चकाकी यावी म्हणून आपण थरांवर थर देतो. चपड्याचं (लाखेचं) स्पिरिट पॉलिश पातळ दिलं तर लवकर कडक होतं. तेलाचं व्हार्निश वरून कोरडं लागतं पण आतून कडक व्हायला कित्येक आठवडे घेतं. त्या मऊ थरावर साडेतीन किलोचा भार दोन छोट्या पायांनी दिला की पाय त्यात रुततात. सगळीकडून सारखे रुतले असते तर फारसं बिघडलं नसतं, पण ते पुढच्या कडेला जास्त रुततात. कारण सूर मिळवताना दर वेळी तार घोडीवरून दांडीकडे खेचली जाते आणि जाताना घोडीला पुढे ओढते. घोडी जरा वर उचलून पायाखाली तिरपा उजेड टाका. पायाचा ठसा दिसला आणि तो पुढे खोल, मागे उथळ असेल, तर निदान झालं. उपाय: तेवढ्याच जागेतलं पॉलिश पटाशीच्या सरळ धारेने खरवडून लाकडापर्यंत जा, चपड्याचा एकच पातळ हात द्या, घोडी परत ठेवा. घोडीखाली पॉलिश दिसत नाही, तिथे चकाकी कुणासाठी?

दुसरा संशयित पायांचं बसणं. तबली सपाट नसते, फुगीर असते, आणि पाय त्या फुगवट्याला पूर्ण टेकलेले हवेत. घोडीखाली कार्बन पेपर आणि साधा पातळ कागद ठेवून तारा मिळवा, मग काढून ठसा बघा. ठसा पायाच्या कडेपुरताच उमटला असेल तर सगळा भार तेवढ्याच रेघेवर आहे आणि ती रेघ मऊ लाकडात रुतत जाणार. इथे एक जुना उपाय उत्तम चालतो. घोडीच्या जागेवर काचपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा, तो तबलीचाच फुगवटा घेतो. त्यावर घोडी सरळ धरून छोट्या हालचालींनी घासा. आधी १२० नंबर, शेवटी ३२०. घोडी डोलू देऊ नका, नाहीतर पाय गोल होतील आणि आधीपेक्षा वाईट अवस्था येईल. पुन्हा कार्बन. ठसा पूर्ण भरेपर्यंत हे करायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण घरी बनवलेल्या तंबोऱ्यांपैकी निम्म्यांची जवारी एवढ्यानेच टिकायला लागेल असा माझा अंदाज आहे.

तिसरा संशयित तबली. तंबोऱ्याला गुंज हवी म्हणून तबली घासत घासत पातळ करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तार चढवल्यावर कुठलीही तबली थोडी दबते, ते चालतं. दबून थांबायला मात्र हवी. थांबली की नाही हे मोजण्याची एक युक्ती देतो. घरच्या कामाला मायक्रोमीटरची अपेक्षा ठेवणं अवघड, पण लेझरची टॉर्च आणि आरशाचा तुकडा कुणाकडेही असतो.

तंबोरा गादीवर आडवा, तबली वर करून, न हलेल असा ठेवा. नखाएवढा आरसा घोडीच्या माथ्यावर तारांच्या बाहेर, कडेला, दुहेरी टेपने चिकटवा. लेझर टेबलाला घट्ट बांधून त्या आरशावर पाडा. ठिपका छतावर उमटेल. छत दोन मीटरवर असेल आणि ३ सेंटिमीटरच्या पायाखाली ०.१ मिलिमीटरचा कल आला, तर ठिपका साधारण १३ मिलिमीटर सरकतो, कारण आरसा कलला की परतीचा किरण दुप्पट कलतो. डोळ्यांना न दिसणारा कल छतावर अंगठ्याएवढा दिसतो! दुसरा आरसा दांडीवर चिकटवून त्याचाही ठिपका आखा, म्हणजे तंबोराच सरकला की घोडी कलली हे वेगळं काढता येईल. लेझर डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या, लहान मुलं घरात असतील तर खोली बंद करून हे करा.

आता तारा सैल असताना ठिपक्याची जागा छतावर खुणवा. तारा मिळवा, पुन्हा खूण. ही पहिली उडी लाकडाच्या लवचिकपणाची, तिची चिंता नको. मग तंबोरा तसाच रात्रभर ठेवा आणि सकाळी, त्याच सुरावर मिळवून, ठिपका बघा. शक्य असेल तर तीनचार दिवस. ठिपका सरकण्याचं प्रमाण रोज कमी होत असेल तर तबली ठाव घेतेय, थांबा, काही करू नका. रोज तेवढाच सरकत असेल तर तबली हरतेय.

हरणाऱ्या तबलीला आतून पट्टी देणं हा खरा उपाय, पण त्यासाठी तबली उघडावी लागते. ते करण्याआधी भार कमी करून बघा. ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तंबोरा एका अर्धस्वराने उतरवला, म्हणजे काळी एकवरून पांढरी एकवर आणला, तर ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. दोन अर्धस्वरांनी उतरवला तर जवळपास २१ टक्क्यांनी. सूर बदलायचा नसेल तर जोडाची तार ०.३०ऐवजी ०.२८ची घ्या, त्या तारेचा ताण १३ टक्क्यांनी घटतो. आवाजाचा भरीवपणा जरा कमी होईल. पण रोज मरणाऱ्या जवारीपेक्षा थोडा हलका आवाज मला तरी चालतो.

गुलूचा सांधा

पाय नीट, तबली शांत, तरी दोरा महिन्यामागून महिना एकाच दिशेला जातोय? मग दांडी वर उचलली जातेय. मधोमध एक ठिकाण धरून दांडीपासून तारेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा, तंबोरा मिळवलेला असताना, आणि तारखेसह लिहून ठेवा. उंची महिनोन्महिने वाढत गेली तर दांडी आणि भोपळा यांना जोडणारा गुलू सैल होतोय. पातळ कागदाची कड सांध्यात कुठे शिरते का हेही बघा. शिरली तर आणखी पुराव्याची गरज नाही.

घरच्या कामात याची दोन कारणं नेहमीची. पहिलं गोंद. बाजारात सहज मिळणारा पांढरा लाकडी गोंद फर्निचरला उत्तम आहे, पण तो कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली किंवा गाडीच्या डिकीत, आणखी मऊ होतो. टेबलाच्या पायाला याने काही होत नाही, कारण तिथे चौदा किलोचा ओढा चोवीस तास नसतो. जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद, असा सरकत नाही, पण तो ओलीला भितो. रत्नागिरीच्या पावसाळ्यात त्याला बुरशीही येते. कोरड्या गावात सरस, किनाऱ्यावर दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी, अशी माझी वाटणी आहे. वाद्य पुढे दुरुस्तीला उघडता यावं म्हणून सरसाचा आग्रह धरणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. इपॉक्सीचा सांधा उघडताना भोपळा फुटू शकतो.

दुसरं कारण घाई. भोपळ्याचं तोंड मोठं करायला, आकार द्यायला तो पाण्यात भिजवतात. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेला येणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कडू जातीचे आणि जाड सालीचे, आणि तिथे त्यांचा साठा करून ठेवलेला असतो. आपण एक भोपळा आणतो, भिजवतो, आकार येतो आणि त्याच रविवारी गुलू चिकटवून मोकळे होतो. आत राहिलेली ओल पुढचे कितीतरी आठवडे निघत राहते, तोंड आक्रसतं आणि गुलूचा सांधा वाकडा होतो. भिजवलेला भोपळा रोज वजन करा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजन सलग आठवडाभर स्थिर राहिलं की मगच गोंदाचा डबा उघडा. लाकडालाही हेच. तून असो वा सागवान, ओलं लाकूड घेऊन कितीही कौशल्य दाखवलं तरी पुढे ते मनमानी करतंच.

सांधा सुटतोय हे नक्की झालं तर वरून गोंद भरण्यात अर्थ नाही. जुन्या पांढऱ्या गोंदावर नवा नीट धरत नाही. सांधा पूर्ण उघडा, लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत खरवडा, मग चिकटवा, आणि आतून लाकडी पिना मारा, म्हणजे गोंदावर एकट्यावर सगळा भार येणार नाही.

जूनमध्ये बसते, दिवाळीला खुलते

हा दोष नव्हे. लाकूड ओल घेतं तेव्हा आडव्या रेषेत फुगतं. तबलीच्या कडा चिकटलेल्या असल्याने तिला बाजूला पसरता येत नाही, म्हणून ती मध्ये वर उचलली जाते. कोरड्या हवेत उलट. घोडी वर-खाली होते, थोडी कलतेही. दोऱ्याच्या पावसाळी आणि हिवाळी अशा दोन खुणा घोडीवर करा आणि विसरून जा. पावसाळ्यात कानस लावलेला तंबोरा हिवाळ्यात हमखास बसतो. ज्यांना वर्षभर जवारी एकसारखी हवी त्यांच्यासाठी मोबाइलमधला तंबोरा आहेच.

वातानुकूलित खोलीतून सभागृहात नेला तर मिळवण्याआधी अर्धा तास गवसणी काढून ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या कापडी गवसणीत निरुपयोगी असतात, हवा आरपार जाते. बंद पेटी असेल तरच ठेवा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांचं दुखणं उलटं. हिवाळ्यात घर गरम करणारी यंत्रणा हवा इतकी कोरडी करते की तबली खाली जाते आणि कधीकधी चिरते. तिथे खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारं छोटं यंत्र कानशीपेक्षा जास्त उपयोगी.

आता कानस

इथवर सगळं तपासून झालं, काहीही हलत नाही, आणि तरी जवारी खुलत नाही? मग पृष्ठभाग बघा. घोडीच्या माथ्यावर मऊ पेन्सिल घासून सगळा भाग काळा करा, दोरे काढा, तारा मिळवून थोडा वेळ वाजवा, मग एकेक तार बाजूला करून बघा. तारेने पुसलेला पट्टा हळूहळू फिका होत संपला तर फुगवटा चांगला आहे. कड असल्यासारखा अचानक तुटला तर तिथे उंचवटा आहे. आणि पट्टा नखाला लागण्याइतका खोल असेल तर चर पडली आहे. तार चरीत अडकली की तिला टेकता-सुटता येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी भिंती असतात. अॅक्रिलिकच्या घोडीवर चर लवकर पडते, उंटाच्या हाडाच्या घोडीवर उशिरा. नवी घोडी करायची तर माझी पसंती हाडालाच. सांबरशिंगाच्या नादी लागू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यवहार बंद आहे.

घासताना बारीक दातांची सपाट कानस घ्या. शेवटी वॉटर पेपर, ४०० आणि मग १०००. फक्त चरीच्या जागी घासून खड्डा करू नका. माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा घ्यायचा. दोनचार हात मारले की तार परत ठेवून ऐका, दोऱ्याशिवाय. दोरा नसताना तार थोडीशी, अर्धवट बोलायला लागली की थांबा. उरलेलं काम दोऱ्याचं आहे. दोऱ्याशिवायच पूर्ण खुलेपर्यंत घासत गेलात तर दोऱ्याला करायला काही उरणार नाही आणि हवा बदलली की सांभाळून घ्यायला जागा राहणार नाही. कान कुठे लावायचा? खर्जात गांधार, आणि पंचमाच्या तारेत रिषभ. खर्जाचा गांधार येतोय पण पंचमातला रिषभ दबलेला आहे, असं असेल तर पंचमाखालची जागाच काय ती राहिली आहे, बाकी घोडीला हात लावू नका.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झालं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पोलाद आणि कानस त्यांच्या हातातलीच. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर बसल्या बसल्या घोडीवर कानस फिरवतो आणि दहा मिनिटांत तंबोरा बोलायला लागतो, हे बघून आपल्यालाही हात शिवशिवतात. त्याच्यासमोरचा तंबोरा मात्र वाळलेल्या लाकडाचा असतो आणि त्याचा गुलू सरकत नसतो.

स्वतः कानस लावायची हिंमत होत नसेल तर जवारी मिरजेहून काढून आणण्यात कमीपणा नाही. फक्त नुसती घोडी कुरियरने पाठवू नका, वेळ आणि पैसे दोन्ही जातील. घोडीचा माथा तुमच्या तबलीच्या कलाला, तुमच्या दांडीच्या उंचीला जुळवावा लागतो. पूर्ण तंबोरा न्या, तुमच्याच सुरात मिळवलेला, तुम्ही वापरता त्याच जाडीच्या तारा चढवून. पायाचं, तबलीचं, गुलूचं काम आधी उरकून दोनतीन आठवडे तो तसाच ताणलेला ठेवा आणि मग निघा. जुनी घोडी टाकू नका. तिच्या माथ्याची आडवी कापणी कागदावर उतरवून घेतलीत तर पुढची घोडी करताना निम्मं काम झालेलं असेल.